शिडीचं माप

९ जानेवारी

शिडीसाठी कोट शिवायचा, असं आज ठरलं.

शिडी म्हणजे माझी पहिलीपासूनची मैत्रीण. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून ती शिडी. माझी आई कपडे शिवते आणि मी अंगाने बारीक, म्हणून मी टाचणी. आता शिक्षकसुद्धा हजेरी सोडली तर याच नावांनी हाका मारतात.

शिडी साडेतीन महिने आजारी आहे. दहा दिवस दवाखान्यात, आठ दिवस घरी, पुन्हा दवाखान्यात. तिला ब्लड कॅन्सर आहे. हा शब्द इथे एकदाच लिहून टाकते, कारण तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, तो तोंडातून काढायला सगळ्यांना बंदी केली आहे. शिडीला सांगितलंय की रक्त अशक्त झालंय, औषधाने भरून येईल. खरं काय ते मला माहीत आहे, माझ्या आईला, आत्याला, सगळ्या शिक्षकांना आणि बहुतेक कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही. फक्त तिला नाही.

आज भेटायला गेले तर ती पांघरुणात गुंडाळून बसली होती. वॉर्डात थंडी फार. तिच्या डाव्या दंडात औषधासाठी एक नळी कायमची बसवून ठेवली आहे. औषध द्यायचं झालं की स्वेटर काढावा लागतो, कारण बाही तेवढी वर सरकत नाही. मग दोन दोन तास कुडकुडत बसायचं. ती म्हणाली, “टाचणी, तुमच्या घरात दोन मशिनं आहेत, ती काय शोभेला ठेवलीत? बाहीला दार असलेला कोट शिव माझ्यासाठी. नीट माप घेऊन शिव हं, अंदाजाने नको.”

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, “कापून मी देईन. शिवायचा तू.” मी आजवर उशांचे अभ्रे आणि आत्याचा एक गाऊन एवढंच शिवलंय. तो गाऊन आत्या घरात कुणी नसेल तेव्हाच घालते.

१२ जानेवारी

बाहीच्या दाराचं सुचलं. टिचबटणं. दंडापाशी चार बोटं रुंद झाकण ठेवायचं, तीन बाजूंनी टिचबटणं, चौथ्या बाजूने शिवलेलं. टिच् केलं की उघडलं, नळी हाताशी. झाकण बरोबर नळीवर यायला हवं, एवढंच. आत्याला चित्र काढून दाखवलं. ती म्हणाली, “हा कोट आहे की जेवणाचा डबा?” पण मग तिनेच बटणांची पेटी काढून दिली.

कापड शिडीने निवडलं, मोरपंखी. आतून फलालीन.

१५ जानेवारी

आज मी एक चांगलं काम केलं, असं मला वाटतं.

शिडी सध्या घरी आहे. माप घ्यायला गेले तर काकूंनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, “न्हाणीघरातला आरसा मी काढून ठेवलाय. खिळा निघाला असं सांगितलंय. दवाखान्यात वजन करताना सिस्टर मुद्दाम काट्यापुढे उभ्या राहतात. तूही काही बोलू नकोस हं. किती उतरलीय ते कळलं तर पोर हाय खाईल.” बोलताना त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की सोडल्यावर पांढरी बोटं उमटली.

आता आमच्याकडे माप कसं घेतात ते सांगायला हवं. एकीने टेप लावायचा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसरीने मापाच्या वहीत लिहायचा. कापणारीने फक्त वहीत बघायचं. गिऱ्हाइकाकडे नाही, स्वतःच्या मनाकडे तर नाहीच. हा आईचा नियम आहे आणि तो बाबांनासुद्धा लागू आहे. एखादी बाई म्हणते, “जरा दोन इंच कमीच लिहा, मी बारीक होणार आहे.” आई म्हणते, “झालात की या. तेव्हाचं माप तेव्हा घेऊ.”

तर मी वही काढली आणि शिडीने ती माझ्या हातातून घेतली. “लिहिणार मी,” म्हणाली. आता आली का पंचाईत.

छातीला टेप लावला. साडेअठ्ठावीस. शाळा उघडताना गणवेशाचं माप मीच घेतलं होतं, तेव्हा बत्तीस होती. मला ते पाठ आहे, कारण तेव्हा मी तिच्यावर जळले होते. मी आकड्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “बत्तीस.”

शिडीने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं.

दंड साडेसात. मी म्हणाले साडेनऊ. कंबरही तशीच. पाठीची लांबी तर मी मोजलीच नाही, टेप नुसता धरला आणि जुना आकडा सांगून टाकला. तिने विचारलं, “काहीच फरक नाही?” मी म्हटलं, “काहीच नाही.” ती म्हणाली, “आश्चर्य आहे.”

मग आम्ही इकडचं तिकडचं बोललो. ती म्हणाली, “आमच्या वॉर्डात सगळ्यांना अशक्तपणा आहे आणि सगळ्यांना टक्कल आहे. अशक्तपणा हा केसांचा रोग दिसतो.” मी पोट धरून हसले. बरं झालं, तिला अजून काही संशय नाही.

खरे आकडे माझ्या डोक्यात आहेत. आईला सांगते.

१६ जानेवारी

काल रात्रीच्या जेवणापर्यंत घरात माणसंच माणसं होती. नर्सिंग कॉलेजचे चाळीस गणवेश द्यायचे होते आणि मोजणी जुळत नव्हती. आईशी बोलता आलं नाही. सकाळी माझी शाळा. दुपारी येऊन बघते तर मोरपंखी कापडाचे तुकडे टेबलावर, खडूच्या खुणांसकट. आईने वही उघडून कोट कापून टाकला होता.

आईने विचारलं, “माप तूच घेतलंस ना?” मी म्हटलं हो. “टेप पिरगळला नव्हता ना कुठे?” नाही म्हटलं. मग चहाच्या वेळी पुन्हा, “शिडी कशी दिसते गं आता?” बरी दिसते म्हटलं. मग भांडी आवरताना, “कापलं म्हणजे संपलं असं नसतं. मोठं असेल तर कमी करता येतं. लहान झालं तर पंचाईत.” आई एकच गोष्ट किती वेळा घोळते.

मी सांगू शकले असते. पण सांगायचं म्हणजे वहीत खोटं माप घातलं हे सांगायचं, आणि आमच्या घरात त्यापेक्षा बँक लुटलेली परवडली. शिवाय कोट सैल असलेला काय वाईट? आत स्वेटर बसेल.

२४ जानेवारी

बावीस टिचबटणं लावली. त्यातली नऊ उलटी. नर नराकडे आणि मादी मादीकडे, मग कशी लागणार? आत्याने नाकावरचा चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, “हिचं लग्न आपण जपून ठरवू.” उसवली, पुन्हा लावली. उजव्या अंगठ्याला भोक पडलंय. मुंढ्यात बाही बसवताना दोनदा रडले, एकदा मशिनवर आणि एकदा शिडीवर. तिने साधी शाल नसती का घेतली?

पण झाकण सुरेख झालंय. मी ते उगाचच पन्नास वेळा उघडून मिटून पाहिलं.

२ फेब्रुवारी

कोट दिला.

शिडी पुन्हा दवाखान्यात आहे. पलंगाच्या कडेला बसली होती. घातला तर खांदे अगदी बरोबर बसले, कारण हाडं थोडीच आटतात. बाकीचा कोट मात्र तिच्या अंगावर टांगल्यासारखा. ती उठून खिडकीपाशी गेली आणि काचेत जेवढं दिसतं तेवढं बघत राहिली. पुढची दोन्ही टोकं तिने एकावर एक घेतली. जवळजवळ वीतभर एकावर एक आली.

“बत्तीस म्हणालीस ना?” तिने विचारलं.

“मुद्दाम सैल ठेवलाय. आत स्वेटर बसावा म्हणून.”

“छान झालाय,” ती म्हणाली.

सिस्टर तर खूश झाल्या. झाकण उघडून बघितलं, शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरना बोलावून दाखवलं. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळे आनंदात. मग मला आनंद का होत नाही, ते कळत नाही. शिडी “छान” हा शब्द गणिताच्या सरांबद्दल वापरते.

५ फेब्रुवारी

लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

कोट सैल, दंड बारीक. झाकण घसरून कोपरापर्यंत आलं. शिडीने औषधाच्या वेळी बाही वर ओढली, नळी टिचबटणात अडकली आणि अर्धी बाहेर आली. रक्त आलं, पुष्कळ. तिच्या रक्ताला लवकर थांबता येत नाही, तोही आजारातलाच भाग. सिस्टरनी वीस मिनिटं दाबून धरलं. आता उजव्या दंडात नवी नळी घालावी लागली. काकूंनी फोनवर आईला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या म्हणे, “टाचणीला सांगू नका, तिला वाईट वाटेल.” काकू सगळ्यांपासूनच सगळं लपवतात.

आईने मापाची वही आणली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. शिडीचं अक्षर. छाती बत्तीस, दंड साडेनऊ.

“आता खरं सांग,” आई म्हणाली.

मी सांगितलं. साडेअठ्ठावीस, साडेसात, साडेबावीस. एकही आकडा विसरले नव्हते.

आई म्हणाली, “मला माहीत होतं. वही बघूनच कळलं. चार महिने औषध घेतलेल्या पोरीचं माप तसूभरही हलत नाही होय?”

“मग कापलंस का?”

“तू आपण होऊन सांगशील म्हणून. तीनदा विचारलं तुला.” मग ती खुर्चीवर बसली. म्हणाली, “चूक तुझी, पण तुझ्या एकटीची नाही. मी तुला धडा शिकवायला बसले आणि भोगलं तिने.” आईच्या डोळ्यात पाणी आलं. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. आतून शिडीचाच आवाज आला, “सिस्टर, तिला सांगा मी झोपलेय.” सिस्टर बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, “ती झोपलीय.” मी म्हटलं, “बरं.” दुसरं काय म्हणणार?

१३ फेब्रुवारी

रोज जाते, रोज ती झोपलेली असते.

आज मलाही राग आला. मी काय मुद्दाम केलं? काकूंनी सांगितलं म्हणून केलं. तिचं मन राखायला केलं. मी आठवडाभर सुया टोचून घेतल्या त्याचं काही नाही? हे सगळं वर्गात मनातल्या मनात तिला सुनावलं, फार छान सुनावलं. मग लक्षात आलं की मनातली शिडी एकदाही उलटून बोलली नाही. खरी शिडी असती तर दुसऱ्याच वाक्याला माझी बोलती बंद झाली असती. तिच्याशिवाय धड भांडताही येत नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळी शिडीचा निरोप आला, फोनवर, दोन वाक्यांत. “घरी आलेय. टेप आणि वही घेऊन ये.”

गेले. काकू औषधं आणायला बाहेर गेल्या होत्या. तिने मुद्दाम ती वेळ साधली होती. खोलीत ती गादीवर बसलेली, डोक्याला रुमाल. मला बस म्हणाली नाही.

“आईने काय सांगितलं होतं तुला?”

“आकडे कळू देऊ नकोस म्हणून.”

“आणखी काय काय कळू द्यायचं नाहीये मला?”

मी टेप बोटांभोवती गुंडाळायला लागले. ती म्हणाली, “ब्लड कॅन्सर. दुसऱ्याच दिवशी कळलं. फाईल माझ्याच मांडीवर ठेवून आई डॉक्टरांशी बोलायला गेली होती, आणि मला वाचता येतं. इतक्या वर्षांत तुला एवढंही माहीत नाही?”

मी जमिनीवरच बसले. “मग बोलली का नाहीस?”

“आईसाठी. तिला वाटतं मला माहीत नाही, त्या जोरावर ती दिवसभर उभी असते. तेही काढून घेतलं तर ती कोसळेल.” तिने रुमाल नीट केला. “पण मला माझं काहीतरी कळायला हवं होतं गं. डॉक्टर हसतात. आई हसते. आरसा काढला, काट्यापुढे सिस्टर उभ्या. सगळे म्हणतात सुधारणा आहे. म्हटलं, टाचणी येईल. ती टेप लावेल आणि आकडा सांगेल, कारण तिच्या घरात दुसरं काही चालत नाही. कोटाची कल्पना मी त्यासाठीच काढली.”

“म्हणजे तुला कोट नको होता?”

“हवा होता की. थंडी खरीच होती. पण आधी आकडा.” मग ती म्हणाली, “तू बत्तीस म्हणालीस ना, तेव्हा मला तुझ्या अंगठ्याखालचा आठ दिसत होता. आणि मग मला वाटलं, आता झालं. टाचणीसुद्धा हसायला लागली म्हणजे माझं काही खरं नाही.”

मी रडायला लागले. माफी मागितली, वाकडीतिकडी, नाक ओढत. तिने थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, “पुरे. टेप काढ. आज मोठ्याने म्हणायचं.” आणि वही मांडीवर घेऊन पेन्सिल धरली.

छाती अठ्ठावीस. महिन्याभरात अर्धा इंच आणखी गेला होता. “बोल,” ती म्हणाली. बोलले. तिने लिहिलं. दंड सव्वासात. लिहिलं. कंबर बावीस. तिची पेन्सिल थांबली, मग पुढे गेली. तिचे ओठ हलत होते, म्हणजे ती मनातल्या मनात वजाबाकी करत होती.

मग पाठीची लांबी. मानेच्या हाडापासून टेप खाली सोडला आणि मी थांबले. पुन्हा लावला. गणवेशाच्या वेळेपेक्षा पाऊण इंच जास्त येत होती.

“काय झालं? किती कमी?”

“कमी नाही. जास्त आहे. पाऊण इंच.”

“चेष्टा करू नकोस.”

“तू लाव.” तिने स्वतः टेप धरला, मी खाली टोक दाबलं, असं तीनदा मोजलं. बाहीही अर्धा इंच लांब.

“मी वाढले?” ती म्हणाली.

“वाढलीस.”

“अशा स्थितीतही?” आणि ती हसत सुटली, खोकला येईपर्यंत. पाणी प्यायल्यावर म्हणाली, “हे मला महिन्यापूर्वीच कळलं असतं.”

तेव्हा मी ते मोजलंच नव्हतं. वाईट तेवढंच असणार असं धरून चालले होते.

१ मार्च

शिडीने डॉक्टरांना विचारलं. काकूंच्या समोर, सरळ, कारण आकडे ऐकून आपण कोसळलो नाही तर आईही कोसळणार नाही, असं तिचं गणित. “मी जगण्याची शक्यता किती?” मोठे डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बसले. शिडी म्हणाली, ते बसले तेव्हाच तिला बरं वाटलं. त्यांनी सांगितलं की औषधाने व्हायचं तेवढं झालंय. आता तिच्या भावाच्या हाडांतला मगज तिला द्यायचा. त्याआधी तिचा सगळा जुना मगज औषधाने मारून टाकायचा. निम्म्या मुलांना गुण येतो, निम्म्यांना नाही. सहा आठवडे काचेच्या खोलीत, बाहेरच्या कुणाला आत जायचं नाही.

काकू उठून बाहेर गेल्या. मी बाहेरच्या बाकड्यावर बसले होते, तर माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “हे तू सुरू केलंस.” त्यात खोटं काही नव्हतं.

घरी आईला सांगितलं. आईने मशीन थांबवलं, पायात चपला घातल्या आणि काकूंकडे गेली. तीन तासांनी आली. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, एवढंच म्हणाली, “पाच महिने ती बाई एकटीच सगळं पोटात घेऊन हिंडत होती.”

१२ मार्च

कोट उसवला आणि नव्या मापाने शिवला, खऱ्या मापाने. आईने शिवणीत दोन्ही बाजूंनी इंचभर कापड जास्त ठेवलं. मी म्हटलं, एवढं कशाला? ती म्हणाली, “पोरगी वाढतेय असं वहीत आहे. मी वही बघून कापते.”

झाकण आता उजव्या बाहीवर घेतलंय, बरोबर नळीवर येतं. शिडीने चार दिवसांत तो कोट अंगावरून काढलेला नाही. काचेच्या खोलीत मात्र बाहेरचं कापड चालत नाही, म्हणून तेवढे दिवस तो काकूंकडे राहील. काकूंनीच तो मागितला. माझ्याशी त्या अजून बेताचंच बोलतात.

२९ मार्च

शिडी उद्या सकाळी आठला आत जाणार. आजचा दुपारचा एक तास माझ्या वाट्याला आला.

पहिला अर्धा तास आम्ही वाया घालवला. वर्गातल्या बातम्या, कुणाचं कुणाशी बिनसलं, गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून कसे जांभई देतात. मग ती म्हणाली, “एक विचारू? मापासारखं सांगायचं.”

“विचार.”

“मी मेले तर तू काय करशील?”

असं बोलू नये, असं काही होणार नाही, हे तोंडापर्यंत आलं होतं. ते गिळलं. मग खरंच विचार करायला लागले आणि त्याला वेळ लागला. ती थांबली.

“रडेन,” मी म्हटलं. “पुष्कळ. जेवणार नाही, मग आई ओरडेल, मग जेवेन. अभ्यास होणार नाही, परीक्षेत आपटेन. तुझ्या घरावरून जाणार नाही, मागच्या रस्त्याने जाईन.”

“मग?”

“मग वर्गात माझ्या शेजारी कुणीतरी दुसरी येऊन बसेल. मला तिचा राग येईल.”

“किती दिवस?”

“माहीत नाही. वर्षभर. मग एक दिवस ती काहीतरी बोलेल आणि मला हसू येईल. मग घरी जाऊन मला फार वाईट वाटेल.” अजून एक उरलं होतं आणि ते सांगायलाच हवं होतं. “मग पुढे कधीतरी वाईट वाटायचंही थांबेल. तुला विसरणार नाही. पण हसेन तिच्याबरोबर.”

शिडी छताकडे बघत होती. मला वाटलं, मी हिला मारून टाकलं, आजच, माझ्या हाताने. मग तिने माझा हात धरला. तिचा हात गरम होता.

“सगळे म्हणतात, तुझ्याशिवाय आम्ही जगूच शकणार नाही,” ती म्हणाली. “आई म्हणते, बाबा म्हणतात. त्याचं मला इतकं ओझं होतं गं. वाटतं, मला काही झालं तर मी सगळ्यांना घेऊन जाणार. तू जगशील ना पण?”

“जगेन.”

“नक्की?”

“हो.”

तिने मोठा श्वास सोडला. मग म्हणाली, “आणि मी परत आले तर?”

“तर त्या दुसरीला उठवीन.”

“नीट बोलून उठव,” शिडी म्हणाली. “तिचा काय दोष.”

मग मात्र आम्ही दोघीही रडलो, आधी ती, मग मी. काकू दारात उभ्या होत्या, कधीपासून ते माहीत नाही. त्या आत आल्या, पलंगावर शिडीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि काहीही न विचारता आमच्याबरोबर रडल्या. बऱ्याच वेळाने शिडीने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “आई, आता तू सांग. तू काय करशील?”

मी उठले आणि दार ओढून घेऊन बाहेर आले.